ब्लॅक ओपियम की गुड गर्ल? नागपूरच्या हवेचा हिशोब धरून

तुमचा प्रश्न आधी चार ओळींत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सूत्र लागेल. रामदासपेठेतल्या बँकेत नोकरी, दिवसभर एसी. मनीषनगरहून येणं-जाणं स्कूटीने, तोंडाला स्कार्फ. डिसेंबरात नणंदेचं लग्न. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा परफ्यूम घेऊन देतो म्हणतोय आणि तुमची गाडी वायएसएल (इव्ह सँ लोराँ) कंपनीच्या ब्लॅक ओपियमवर आणि कॅरोलिना हेरेराच्या गुड गर्लवर येऊन अडली आहे. दोन्ही गोड, दोन्ही दणकट. घरात सासूबाईंना उदबत्तीनेसुद्धा डोकं चढतं. बाटली एकच घ्यायची.

निकाल आधी सांगते: तुमच्यासाठी ब्लॅक ओपियम, ओ द पार्फ्युम (खोक्यावर Eau de Parfum लिहिलेला), ३० मिली. पण हाच प्रश्न तुमच्या नणंदेने विचारला असता तर कदाचित उलटं सांगितलं असतं, म्हणून कारणं वाचा. सासऱ्यांची इतवारीत अत्तराची पेढी होती, मी पुढे धरमपेठेत परफ्यूमचा काउंटर सांभाळला. या दोन बाटल्यांमध्ये अडकलेल्या बायका इतक्या पाहिल्यात की गोड कोणता जास्त, ही चर्चा मी सुरूच होऊ देत नाही. माझा पहिला प्रश्न असतो, निशिगंध आवडतो का?

गोडव्याच्या बाबतीत दोघी एकाच घराण्यातल्या. खाण्याच्या वस्तूंचा वास अंगाला लावायचा, ही टूम परफ्यूमच्या धंद्यात तशी अलीकडची. व्हॅनिला आधीपासून होता. गेर्लाँ या फ्रेंच कंपनीचा शालिमार १९२५ चा, त्यात व्हॅनिला भरभरून आहे, पण तो राळ-धुपाच्या वासात मुरलेला. खरी उलथापालथ केली १९९२ मध्ये म्युग्लरच्या एंजलने. त्यात एथिल माल्टॉल हा पदार्थ पॅचुली नावाच्या पानांच्या मातकट वासासोबत सढळ हाताने घातला होता. एथिल माल्टॉलचा वास तुम्हाला पाठ आहे. जत्रेत ‘बुढ्ढी के बाल’च्या यंत्राजवळ उभं राहिलं की साखर तापून जळायच्या बेतात आल्याचा जो वास येतो, तोच. आज मॉलमध्ये बायकांच्या परफ्यूमपाशी जे गोडगोड दरवळतं, त्यातलं बरंचसं एंजलच्या वंशावळीतलं. ब्लॅक ओपियम २०१४ चा. तो बनवणाऱ्या चौघांमध्ये (नॅथली लॉर्सन, मारी सालामान्य, ऑलिव्हिए क्रेस्प आणि ऑनरिन ब्लाँ) एंजलवाले क्रेस्पही आहेत. गुड गर्ल २०१६ चा, लुईज टर्नर यांच्या हातचा. कॉफी दोघांच्या यादीत आहे, व्हॅनिला दोघांच्या यादीत आहे, पांढरी फुलंही दोघांच्या यादीत आहेत. कागदावर वाचलं तर काउंटरवरची नवी मुलगीही गोंधळते.

आता नाकाने वाचू.

ब्लॅक ओपियम हातावर मारला की पहिल्या क्षणी नाशपती आणि गुलाबी मिरी येते, थोडी चुरचुरीत. ती लगेच ओसरते आणि कॉफी वर येते. ही कॉफी आपल्या घरची दुधाळ नाही, भाजलेल्या दाण्यांची, कडवट, आणि खालून व्हॅनिला तिला धरून ठेवतो. मग कॉफीच्या आडून एक फूल डोकावतं, ते नारिंगीचं. परफ्यूमवाले वापरतात ती कडू नारिंगीची फुलं. आपला संत्रा वेगळ्या जातीचा, पण वासाने जवळचा भाऊबंद. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटल्यावर काटोल किंवा वरुडच्या बाजूला गेला असाल तर गाडीची काच खाली करताच जो वास आत शिरतो, त्याची आठवण ठेवून हा परफ्यूम हुंगा. एरवी ‘कॉफीवाला’ म्हणून लोक तो बाजूला ठेवतात आणि त्यातलं फूल त्यांच्या गावीही नसतं. चारेक तासांनी कातडीवर उरतो तो व्हॅनिला आणि मागे जराशी पॅचुली. मऊ, अंगाजवळ राहणारा वास. नावावरून कुणी १९७७ च्या जुन्या ओपियमची तुलना केली तर मनावर घेऊ नका. तो लवंग-राळेचा, मसालेदार. याचं त्याच्याशी नावापुरतंच नातं.

गुड गर्लची सुरुवात बदामाने होते. कडू बदाम, त्यात कॉफीची एक झुळूक. ही कॉफी फार थांबत नाही. अर्ध्या तासाच्या आत निशिगंध येतो आणि मग पुढचा बराच वेळ घर त्याचंच. सोबत मोगरा आहे, पण मालक निशिगंध. शेवटी टोंका नावाच्या बीचा आणि कोकोचा गोडवा राहतो. टोंकातला मुख्य गंध कुमारिनचा. वाळत आलेल्या गवताला येतो तसा, किंचित बदामी, किंचित तंबाखूकडे झुकणारा. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि पुढे परफ्यूमवाल्यांच्या फडताळात तो कायमचा आला. ब्लॅक ओपियमचा शेवट दूध-साखरेकडे जातो, गुड गर्लचा शेवट कोरडा, पावडरी गोड. मला स्वतःला हा शेवट जास्त आवडतो. नुसता शेवट विकत मिळत असता तर मी गुड गर्लच घेतला असता.

पण मध्ये तो निशिगंध आहे. आपल्याकडे निशिगंध म्हणजे लग्नाचा मंडप, नवरदेवाच्या गाडीची सजावट, हार, आणि खरं सांगायचं तर शेवटच्या दर्शनाची फुलंही. काहींना तो वास म्हणजे उत्सव, काहींना गुदमरायला होतं. या फुलाचा स्वभावच असा की थोडा असला तर लोण्यासारखा, जास्त झाला तर डोक्यात घण. म्हणून हजारो रुपये टाकण्याआधी एक स्वस्त परीक्षा सांगते. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फुलबाजारातून संध्याकाळी निशिगंधाच्या दोन-तीन काड्या आणा. पाण्यात घालून झोपायच्या खोलीत ठेवा, दार-खिडक्या लावून. हे फूल रात्रीच जास्त उमलतं, तेव्हा पहाटेपर्यंत खोली भरलेली असेल. सकाळी उठल्यावर प्रसन्न वाटलं तर गुड गर्ल तुमचा. डोकं जड झालं, किंवा मध्यरात्री उठून कुणी फुलदाणी बाल्कनीत नेऊन ठेवली, तर विषय संपला. तुमच्या घरात फुलदाणी कोण उचलेल, हे तुम्हाला नि मला दोघींनाही माहीत आहे, बाप्पा.

ही झाली घरची बाजू. बँकेची त्याहून अवघड. एसीची बंद खोली, शेजारी-शेजारी काउंटर, समोर रांगेतली माणसं, आणि कुणालाही उठून दुसरीकडे जाता येत नाही. अशा जागी पांढऱ्या फुलांचा मोठा परफ्यूम लावणं म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावर आपला डबा उघडून ठेवणं. ब्लॅक ओपियमही काही सोज्वळ नाही, चार फवारे मारले तर तोही अख्ख्या शाखेला कळेल. पण एक फवारा पोटावर, कपड्यांच्या आत, घरातून निघायच्या पंधरा मिनिटं आधी मारला तर बँकेत पोचेपर्यंत त्याची चुरचुर संपून कॉफी आणि व्हॅनिला उरलेले असतात, आणि ते हातभर अंतरापलीकडे फारसे जात नाहीत. गुड गर्लचं नेमकं उलटं. तुम्ही बँकेत पोचता तेव्हा त्याचा निशिगंध भरात आलेला असतो.

स्कार्फबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ही अडचण परदेशी माहितीत कुठे सापडायची नाही. आपल्याकडच्या मुली-बायका मानेवर परफ्यूम मारतात आणि त्यावर लगेच स्कार्फ गुंडाळतात. ओला परफ्यूम कापडात उतरतो. कातडीवर तो हळूहळू उडून जातो, कापडात मात्र व्हॅनिला आणि कस्तुरीसारखे जड घटक दिवसेंदिवस मुक्काम ठोकतात. मग अजनी चौकात सिग्नलला थांबलं की नाका-तोंडावर कालचा, परवाचा आणि आजचा असे तीन दिवसांचे थर. थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावतं आणि आपल्याला काहीच येईनासं होतं. आपण समजतो परफ्यूम उडाला, बँकेत पोचल्यावर पर्समधून काढून आणखी दोन फवारे मारतो, आणि शेजारची बिचारी खिडकी शोधते. ‘माझ्यावर टिकतच नाही’ या तक्रारीतल्या निम्म्या केसेस अशा सरावलेल्या नाकाच्या असतात. घरात नुकत्याच शिरलेल्या माणसाला विचारा, तो खरं सांगेल. आणि मान सोडून द्या. पोट, कोपराची आतली बाजू किंवा गुडघ्याच्या मागे लावा.

पर्समधली बाटली किंवा स्कूटीच्या डिक्कीतली बाटली हा तर वेगळाच गुन्हा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून किती असेल ते तुम्हीच ठरवा. उष्णता आणि उजेड या दोन गोष्टी परफ्यूम मारतात. आधी वरचे हलके वास जातात, मग उघडल्याबरोबर आंबूस, नेलपॉलिशसारखा झटका येऊ लागतो. बाथरूममधली फळी, ड्रेसिंग टेबलची काच, पश्चिमेच्या खिडकीची कड, या जागा बाद. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, खोक्यासकट, एवढं पुरे. व्हॅनिला असलेल्या परफ्यूमचा रंग कालांतराने गडद होतो, ते मात्र बिघडल्याचं लक्षण नाही. त्याच कारणाने तो पांढऱ्या कुडत्यावर किंवा फिक्या रेशमावर थेट मारू नका, पिवळट डाग पडतात आणि जात नाहीत.

उन्हाळ्याबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. एप्रिल ते जून नागपुरात या दोन्ही बाटल्या कपाटात ठेवाव्यात. गरम कातडीवर परफ्यूम भसकन उडतो आणि गोड घटक एकदम अंगावर येतात. कोरड्या हवेत वरचे ताजे वास तर मिनिटांत गायब. घामात मिसळलेला गरम व्हॅनिला दुपारी दोन वाजता कुणालाच नको असतो, लावणारीलाही नको असतो. त्यात घरी कूलर. कूलरसमोर बसून परफ्यूम मारला की ओला झोत तो अख्ख्या घरात फिरवतो, सासूबाईंच्या खोलीपर्यंत. त्या तीन महिन्यांसाठी इतवारीतून किंवा मोमिनपुऱ्यातून वाळ्याचं चांगलं अत्तर घ्या. छोटी कुपी, मनगटाच्या आत एक बोट. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा वास ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांना याचं वेगळं कौतुक सांगायला नको. कन्नौजचं मिट्टी अत्तरही (ओल्या मातीच्या वासाचं) उन्हाळ्यात सुरेख लागतं. पावसाळ्यात, दमट दिवसांत, ब्लॅक ओपियमचा एक फवारा चालून जातो. गुड गर्ल मी तेव्हाही टाळीन, दमट हवेत निशिगंध जागचा हलत नाही.

या दोघींचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी स्वेटर, रात्री शाल, अशा हवेत गोड परफ्यूम हळूहळू उलगडतो आणि उबदार वाटतो. आता बाटलीचा आकार यावरूनच ठरवा. साधारण एका फवाऱ्यात ०.१ मिली परफ्यूम जातो. ३० मिली म्हणजे ३०० च्या आसपास फवारे. रोज दोन मारले तरी दीडशे दिवस, म्हणजे एक अख्खा हिवाळा आणि वर लग्नकार्यं. ९० मिलीची बाटली स्वस्त पडते हे खरं, पण आपल्या तीन-तीन उन्हाळ्यांतून ती कपाटात जाणार, आणि शेवटची पाव बाटली कुणीच आनंदाने संपवत नाही.

आता नणंदेचं लग्न. इथे गुड गर्लची बाजू मजबूत आहे, ती प्रामाणिकपणे मांडते. डिसेंबरची रात्र, लॉनवरचं रिसेप्शन, उघडी हवा, पैठणी, अंबाडा. निशिगंध उघड्यावर फार देखणा वाटतो, कारण त्याला पसरायला जागा असते. ब्लॅक ओपियम तिथे थोडा कॉलेजच्या वयाचा वाटू शकतो, हा त्याच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण तुम्ही गजरा माळणार. स्टेजवर निशिगंधाच्या माळा असणार. मोगऱ्याचा गजरा, स्टेजचा निशिगंध आणि वर बाटलीतला निशिगंध-मोगरा, हे सगळं एकावर एक चढतं आणि तुमचा महागडा परफ्यूम सजावटीत विरघळून जातो. जवळ आलेल्या काकूला वाटतं की वास हाराचा आहे. त्याच फुलांच्या गर्दीत कॉफी-व्हॅनिलाचा वास वेगळा उठून दिसतो. हळदीला आणि सकाळच्या विधींना काहीच लावू नका. होमाचा धूर, हळद, घाम, त्यात परफ्यूमची भर कशाला? आणि होमाजवळ, समईजवळ फवारा मारायचा नाही हे वेगळं सांगायला नको, त्यात मद्यार्क असतो आणि तो भडकतो.

रिसेप्शनचा क्रम असा ठेवा: आंघोळ, बिनवासाचं मॉइश्चरायझर (हिवाळ्यात कातडी कोरडी असते, तेलकट थरावर परफ्यूम जास्त टिकतो), दोन फवारे, दहा मिनिटं थांबून मग साडी आणि सगळ्यांत शेवटी दागिने. मोत्यांची तन्मणी किंवा नथ असेल तर हे नक्की पाळा. मद्यार्काने मोत्याची झळाळी उतरते आणि ती पुन्हा चढवता येत नाही. पैठणीच्या जरीवर तर एक थेंबही नको. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर सोडा, त्याने फायदा काहीच नाही.

खरेदीला जाल तेव्हा एका दिवशी दोनच वास घ्या, हेच दोन. जेवणानंतर लगेच नको, आणि सावजी खाऊन तर मुळीच नको. कागदी पट्टीवर आधी, पट्टीच्या मागे नाव आणि वेळ लिहून. एकदम नाकाला चिकटवू नका, अर्धं मिनिट हवेत हलवा. मग एक डाव्या कोपराच्या आत, दुसरा उजव्या, आणि दुकानातून बाहेर पडा. काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम, आज ऑफर आहे’ म्हणेल, म्हणू द्या. त्याने पुढे केलेल्या कॉफीच्या दाण्यांच्या बरणीचाही काही विशेष उपयोग नसतो, स्वतःच्या ओढणीचा वास घेतला तरी नाक तेवढंच ताजं होतं. शिवाय कॉफीवालाच परफ्यूम पारखायला कॉफी कशी हुंगायची? बाहेर चहा घ्या, कामं उरका, संध्याकाळी घरी जाऊन दोन्ही हात पुन्हा हुंगा. ज्या हाताकडे नाक स्वतःहून वळतं, तो तुमचा. माझा निकाल आणि तुमचा हात यांत भांडण झालं तर हाताचं ऐका, फक्त बँकेत एकाच फवाऱ्यावर भागवा.

नवरा परस्पर ऑनलाइन मागवणार असेल तर एक धोका आहे. दोन्ही नावांच्या आता अनेक बहिणी निघाल्यात. गुड गर्लची उंच टाचेच्या सँडलची बाटली गडद निळी असते. तशीच लाल बाटली दिसली तर ती व्हेरी गुड गर्ल, त्यात गुलाब-लिचीचा वेगळाच वास आहे. गुलाबी बाटली गुड गर्ल ब्लशची. ब्लॅक ओपियमच्या काळ्या चमचमत्या बाटलीवरही एक्स्ट्रीम, ल पार्फ्युम, ओव्हर रेड अशी शेपटं लागतात आणि प्रत्येकाचा वास थोडा-थोडा सरकलेला असतो. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल हवं. खोक्याच्या तळाचा बॅच क्रमांक आणि बाटलीच्या तळाचा एकच हवा. पक्कं बिल हवं. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून अर्ध्याहून कमी किमतीत मिळणारं पाणी पहिल्या दहा मिनिटांत हुबेहूब वाटतं, पण तासाभराने हातावर नुसती साखर उरते. ज्या शेवटासाठी आपण पैसे मोजतो, तो त्यात घातलेलाच नसतो.

तेव्हा नवऱ्याला मेसेज करताना नुसतं ‘ब्लॅक ओपियम’ लिहू नका. ‘वायएसएल ब्लॅक ओपियम, ओ द पार्फ्युम, ३० मिली, पुढे-मागे दुसरं कोणतंही नाव नको, बिल घेऊन ये’ असं लिहा, आणि तुम्ही पट्टी हुंगली त्या बाटलीचा फोटो सोबत जोडा.